घारीनं पळवलेला ड्रोन

२१ एप्रिल, रविवार, सकाळ

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. मी ठणठणीत आहे. खोलीला फिकट हिरवा रंग दिलास, खिडकीपाशी माझ्या शिलाई मशीनला जागा केलीस आणि वर 'कधी येतेस ते एकदाचं कळव' म्हणून दटावलंसही. कळवते. आधी इथली गंमत ऐक.

समोरच्या इमारतीतले घड्याळ दुरुस्त करणारे तुला आठवतात ना? मागच्या खेपेला तू 'मूग गिळून बसतात' म्हणाली होतीस, तेच. त्यांनी तळहाताएवढा ड्रोन घेतलाय. दुकान उघडायच्या आधी गच्चीवर उभं राहून उडवतात आणि गावाचे फोटो काढतात. पाण्याच्या टाकीवर घारीचं घरटं आहे, हे त्या बिचाऱ्यांच्या गावीही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात घार अशी झेपावली की यांची भंबेरी उडाली आणि ड्रोन थेट माझ्या दोरीवरच्या परकरात येऊन अडकला. तो न्यायला आले, तेव्हा कान लाल झाले होते.

मग मी माझं डोकं चालवलं. म्हटलं, लांब झळझळीत पट्टी लावू, घार बिचकेल. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजमधलं उरलेलं नारिंगी सॅटिन होतं. जाड कापडी पट्ट्याचं एक कडं करून ड्रोनच्या पोटाला बसवलं आणि त्याला सॅटिनची पट्टी जोडली. सुटू नये म्हणून दुहेरी टीप मारली. त्यांनीही मुकाट्यानं उडवला. मी सांगितलं तर ते मशीनसुद्धा उडवतील अशी मला तेव्हाच शंका आली होती.

अगं, घारी घरट्यात घालायला चिंध्या गोळा करतात, हे आम्हा दोघांपैकी कुणाला ठाऊक! ती बिचकते कसली, सरळ आली आणि पट्टीच धरली. टीप काही सुटेना. मग काय, बाईसाहेब पुढे आणि ड्रोन मागे लोंबकळत, अशी वरात टाकीकडे निघाली! ते रिमोटची बटणं दाबतायत, मी माझ्या गच्चीवरून ओरडतेय, "अहो, बंद करा, तिला पाती लागतील!" त्यांनी लगेच मोटारी बंद केल्या. ड्रोनचं काय होईल हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही, ताई. शेवटी पट्टी मधेच फाटली, ड्रोन टाकीखालच्या गवतात पडला आणि घार ऐटीत सॅटिन घेऊन गेली.

मी मान खाली घालून गेले. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर हा माणूस गवतात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. "फाटलं ते कापड," म्हणाले, "तुमची टीप जशीच्या तशी आहे." माझ्या शिवणकामाचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. मलाही हसू आवरेना. किती वर्षांनी अशी हसले, ते तुला सांगायला नको.

ड्रोन त्यांनी दुरुस्त केला, पण पिल्लं उडेपर्यंत उडवायचा नाही असं ठरलंय. आता आम्ही त्यांच्या गच्चीवरून दुर्बिणीनं घरटं बघतो. दोन पिल्लं आहेत. नारिंगी सॅटिनवर लोळतात लबाड! चहा मी नेते, कारण त्यांचा चहा पिण्यासारखा नसतो.

परवा दुर्बीण पुसता पुसता ते म्हणाले, "पिल्लं उडाली की पुन्हा ड्रोन काढू. तोवर तुम्ही असाल ना इथं?" मी तुझ्याकडे कायमची राहायला यायची आहे, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, असेन. मग दुर्बीण खाली ठेवत त्यांनी विचारलं, "आणि नंतर?"

ताई, मी हो म्हटलं.

पुढच्या महिन्यात आम्ही नोंदणी करून लग्न करतोय. चार पानं झाली तरी हे लिहायला हात धजत नव्हता, कारण मला ती हिरवी खोली दिसत होती. आई गेल्यावर माझी वेणी तू घातलीस, हे गेल्यावर तूच उशाशी बसलीस, आणि आता तू एकटी आहेस हे मला कळत नाही असं नाही. पण मी सुखात आहे, ताई. या वयात सकाळी उठून आरशात बघते, हसू नकोस.

रागावणार असशील तर पोटभर रागव, पण इथं येऊन, माझ्यासमोर बसून. साक्षीदार म्हणून माझ्या बाजूनं सही तुझीच हवी. तू नाही आलीस तरी मी लग्न करणार आहे. पण मग निम्मा जीव दाराकडे लागून राहील, आणि त्या दिवशी मला अख्खं हसायचंय.

अजून तुझीच, आणि आता आणखी एकाची,
धाकटी