करियाला कळणारी भाषा

॥ श्री शिव प्रसन्न ॥
नांदेड, कार्तिक वद्य ४, शके १८६२

चि. सिद्धम्मा हीस गुरुपादप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे ठीक. तुझी खुशाली कळवावी.

तुझी अक्का श्रावणात तुमच्या कुत्रीचं पिल्लू लातूरहून घेऊन आली आणि दसऱ्याआधी मला सोडून देवाघरी गेली. मागे उरलो मी आणि हा करिया. तहसील कचेरीत पेशकारी करताना भल्याभल्यांना सरळ केलं, पण हे वीतभर जनावर ऐकत नाही. ‘ये’ म्हटलं की टकमक बघतं, ‘बस’ म्हटलं की पळतं. सकाळी माझा जोडा कुरतडला, म्हणून दुपारी बाजारातून आल्यावर हाक मारून जवळ घेतलं आणि दोन चापट्या दिल्या. आता हाक मारली की खाटेखाली शिरतं. शेजारचा श्रीमंतराव त्याला ‘बैठ’ शिकवतो, दूधवाली ‘हाड’ म्हणते. कालपासून भाकरीला तोंड लावलेलं नाही. श्रीमंत म्हणतो, लई लाडावलंय, धर्माबादच्या मळ्यावर नेतो. देऊन टाकावं असं मनात आहे. पिल्लू तुझ्या घरचं, म्हणून विचारतो.

घर फार मोठं वाटतं. असो. माया आहेच, ती आटू देऊ नये.

गुरुपादप्पा

लातूर, कार्तिक वद्य ९

ति. दाजींना सिद्धम्माचे शरणार्थ. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. दाजी, पिल्लू म्हणजे तुमचा चपराशी नव्हे. सकाळच्या जोड्याचा मार दुपारी दिला तर त्याला काय उमगणार? त्याला एवढंच कळलं, की हाक आली म्हणजे मार आला. हाक मारून कधी मारू नये. जवळ आलं की तुकडा द्यावा, पाठीवरून हात फिरवावा. शिकवावं एकाने, आणि शब्दही एकच ठेवावा; श्रीमंतरावांना हात जोडून सांगा. जोडा मात्र तुम्हीच उंचावर ठेवायचा.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. करिया हट्टी नाही, त्याला मराठी येत नाही. अक्का त्याच्याशी कानडीत बोलायची. तुमच्यासमोर कशी बोलेल? आमची बोली कानावर पडली की तुम्ही म्हणायचा, डब्यात खडे वाजले. पिल्लू नेताना ती मला म्हणाली होती, की आता घरात माझी कानडी ऐकायला कोणीतरी असेल.

‘बा’ म्हणजे ये. ‘कूडु’ म्हणजे बस. ‘उण्णु’ म्हणजे जेव. हळू आवाजात म्हणा, कचेरीतल्यासारखं नको. आणि त्याला मळ्यावर धाडू नका. अक्काची भाषा समजणारा त्या घरात तो एकटाच उरलाय.

थोरल्यांची छाया असू द्यावी.

आपली सिद्धम्मा

नांदेड, मार्गशीर्ष शुद्ध २

चि. सिद्धम्मा हीस आशीर्वाद. वि. वि.

पत्र आलं त्याच संध्याकाळी अंगणात उभा राहिलो. या वयात जीभ वळेना, आणि श्रीमंत कुंपणावरून बघत होता, त्याची लाज वेगळीच. तरी म्हटलं, बा.

करिया खाटेखालून सुटला तो थेट माझ्याकडे आला, असं वाटलं. पण माझ्या पायांवरून उडी मारून तो स्वयंपाकघरात गेला. मी मागोमाग गेलो. त्याने चुलीमागे पाहिलं, जात्यामागे पाहिलं, तिच्या पाटाचा वास घेतला. पुन्हा चुलीपाशी गेला. मी रागावलो नाही. हाक मारून रागवायचं नाही, हे तू लिहिलंच होतंस. तिथेच जमिनीवर बसलो. आणि सिद्धम्मा, तुला सांगायला लाज कसली, ती गेली तेव्हा चारचौघांत जे आलं नव्हतं ते रडू त्या दिवशी आलं.

दिवेलागणीला तो आपणहून आला आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडला. ‘उण्णु’ म्हटल्यावर दूध-भाकरी खाल्ली. मीही त्याच्यासोबत चार घास खाल्ले. श्रीमंतला सांगून टाकलं, करिया मळ्यावर जाणार नाही.

पण तो रोज संध्याकाळी तिला शोधतो. त्याला सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. ती नाही, पण मी आहे, हे तुमच्या कानडीत कसं म्हणतात, तेवढं उलट टपाली कळव. लोभ वाढता असो.

गुरुपादप्पा

लातूर, मार्गशीर्ष शुद्ध ७

ति. दाजींना शरणार्थ.

‘अक्का इल्ला, नानु इद्दीनि.’

लिहिण्याआधी मोठ्याने म्हणून पाहिलं. अक्का गेल्यापासून ही बोली माझ्या तोंडून निघालीच नव्हती. लेकांचं दुकानात सगळं मराठी नाहीतर उर्दू, सुना मराठी मुलखातल्या. आवाज ऐकून सूनबाई माजघरात डोकावली, कोणाशी बोलताय म्हणून विचारायला.

संक्रांतीला करियाला घेऊन इकडे या. कडी वाजवू नका. दारात उभं राहून तुमच्या मोडक्यातोडक्या कानडीत म्हणा, बा. मीही धावत येईन.

आपली सिद्धम्मा