टोपलीचं वजन वजा

सोमवार, तारीख ९

धाकटीला थोरलीचे आशीर्वाद. नको असले तरी घे, त्याला काही पैसे पडत नाहीत.

इकडे सगळे बरे आहेत. ह्यांचा गुडघा दुखतो, त्याचं रडगाणं चालूच आहे. लॉण्ड्रीत काम तेवढंच, बाया दोन कमी. हॉटेलांच्या चादरी येतच राहतात आणि मी आपली इस्त्रीच्या रोलरपाशी उभी. तुझी शाळा कशी आहे? पोरं ऐकतात का? माझ्या अक्षराला हसू नको. चौथीपर्यंत शिकलेली बाई आणखी काय लिहिणार. तुझ्या लाल पेनाने चुका काढायच्या तर काढ, पण आधी वाच.

तुझ्या नवऱ्याचा फोन लॉण्ड्रीच्या ऑफिसात आला होता. रोलरच्या आवाजात मला अर्धंच ऐकू आलं, ते अर्धंही नको होतं. म्हणाला, माझ्यासारख्याच तुलाही गाठी निघाल्यात, सव्वीस तारखेला गर्भपिशवी काढायची. मी म्हटलं, मी येते. तर तो घुटमळला. मग म्हणाला, "ती म्हणते, यायचं तर या, पण धूर घेऊन येऊ नका."

सात महिन्यांनी निरोप आला, तो असा. बरं. तुझा हक्क आहे.

तर ऐक. मी सिगरेट सोडलीय. आज एकशे अठरावा दिवस. भिंतीवर खडूने रेघा मारल्यात, हे म्हणतात तुरुंगात आहेस का. आहेच की. सकाळी उठल्यावर हात आधी उशीखाली जातो, मग आठवतं. चहा प्यायला की हात मोकळा राहतो, त्याचं काय करावं कळत नाही. मग मी कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा तोंडात धरते. लॉण्ड्रीतल्या सगळ्या चिमट्यांवर माझे दात उमटलेत. बाया म्हणतात, उंदीर झालेत.

आणि तो डॉक्टर! म्हणतो, सिगरेट सोडा आणि वजन वाढू देऊ नका. दोन्ही एकदम? पाण्यात उतरायचं आणि कोरडं राहायचं? सिगरेट सुटली की तोंड दिवसभर काहीतरी मागतं. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही एक महिना चिमटा चावून बघा, मग बोलू. तर म्हणतो, रोज चाला. अरे, मी दहा तास उभी असते! आणखी कुठे चालू, रोलरवरून? त्यात अंगातून वाफा निघतात. बाहेर भट्टी, आत भट्टी. माझ्या ऑपरेशनच्या आधी एकानेही सांगितलं नाही की नंतर असं होतं. फक्त म्हणाले, पिशवी काढली की सुटलात.

पण वजनाचंही मी बघितलंय. मळक्या कपड्यांची गाठोडी तोलायचा आमचा मोठा काटा आहे ना, दर सोमवारी मी त्यावर उभी राहते. काट्यावरच्या माणसाला आम्ही काटेराव म्हणतो. तोच आकडा वाचतो. ऑपरेशनच्या आधी मी एकाहत्तर होते. सिगरेट सोडल्यावर दोन महिन्यांत ऐंशी! मग मी कंबर कसली. बिस्किटं बंद, साखर बंद, पाव अर्धा. तेव्हापासून उतरतेय. एकोणऐंशी, साडेअठ्ठ्याहत्तर, असं करत करत आज चौऱ्याहत्तर. काटेराव ओरडून सांगतो आणि बाया टाळ्या वाजवतात. एप्रनच्या नाड्या मात्र मागे पुरत नाहीत. गरम पाण्यात धुऊन धुऊन आटलाय तो. नवीन मागितलाय.

म्हणजे दोन्ही झालं. धूर गेला, वजन गेलं. आता पंचवीसला सकाळी मी

शुक्रवार, तारीख १३

पत्र तिथेच राहिलं. सोमवारी वाक्य पुरं करायच्या आत ह्यांनी हाक मारली, आणि नंतर जे झालं त्याने हातात पेन धरवेना. वरचं खोडत नाही. खोडलं असतं तर तुला कळलंच नसतं की मी किती शहाणी समजत होते स्वतःला.

बुधवारी दवाखान्यात तपासणी होती. नर्सने काट्यावर उभं केलं. म्हणाली, त्र्याऐंशी.

मी म्हटलं, "तुमचा काटा बिघडलाय."

"बाई, आज सकाळीच तपासलाय."

"मग परत तपासा. परवा मी चौऱ्याहत्तर होते."

तिने बूट काढायला लावले. त्र्याऐंशी. खिशातले चिमटे काढायला लावले. त्र्याऐंशी. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "अगं, माझंही असंच होतं, मी तर बघतच नाही." मी तिच्यावरही खेकसले. म्हटलं, सरकारी काटा, मेलेला, ह्यावर कोण विश्वास ठेवणार. आमचा काटा रोज टनावारी माल तोलतो.

काल सकाळी लॉण्ड्रीत लवकर गेले. काटेराव यायचा होता. काटा चालू करायचं बटण तेवढं दाबलं आणि चढले. त्र्याऐंशी.

उतरले. परत चढले. त्र्याऐंशीच.

तेवढ्यात तो आला, हातात डबा. मला काट्यावर बघितलं आणि डबा तिथेच टाकून पळत आला. "थांब, थांब! आधी उतर! असं नाही चढायचं!" मी उतरले. त्याने खाली वाकून बटणं दाबली आणि म्हणाला, "हं, आता चढ." चढले. चौऱ्याहत्तर.

मी त्याच्याकडे बघितलं. तो डब्याकडे बघत होता.

तुला सांगते, कारण तू कधी लॉण्ड्री बघितलेली नाहीस. गाठोडी टोपलीतून तोलतात. मग टोपलीचं वजन वजा करावं लागतं, त्याचं एक बटण असतं. जेवढं लावाल तेवढं काटा आपोआप कमी दाखवतो. हा बाबा दर सोमवारी मी चढायच्या आधी ते लावत होता, दर वेळी जरा जास्त. मी उतरले की पुसून टाकायचा. नऊ किलोची टोपली डोक्यावर घेऊन मी तिथे मिरवत होते.

"का रे बाबा?" मी म्हटलं. "मी काय वाकडं केलं तुझं?"

म्हणाला, "पहिल्यांदा चुकून झालं. टोपली वजा करायचं बटण तसंच राहिलं होतं. किलोभर कमी दिसलं. तू हसलीस. तू हसलेली मी कित्येक दिवसांत बघितली नव्हती. त्याच्या आदल्या सोमवारी ऐंशी ऐकलंस आणि बॉयलरच्या मागे जाऊन उभी राहिलीस तोंडात सिगरेट धरून. पेटवली नव्हतीस, पण काडी हातात होती. सगळ्यांनी बघितलं. मग आम्ही ठरवलं."

आम्ही! म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्या बायांना. इस्त्रीवरची माझी जोडीदारीण म्हणते, "ओरडतेस कशाला? सिगरेट सुटली ना तुझी? मग वजनाचं काय घेऊन बसलीस?"

मी म्हटलं, "आणि एप्रन आटला म्हणून मी नवीन मागत होते तेव्हा?"

तर तोंडावर हात धरून हसायला लागली. "तेव्हा तर आम्ही हसून हसून मरायच्या बाकी होतो गं."

मी चिमटा तिच्या अंगावर फेकला आणि बाहेर पडले.

आता पुढचं. वळणं घेत बसत नाही. बाहेरच्या टपरीवरून एक सुटी सिगरेट घेतली आणि बॉयलरच्या मागे जाऊन ओढली. एकशे एकविसाव्या दिवशी. कसली मजा नि कसलं काय. दुसऱ्याच झुरक्याला ठसका लागला, असा की डोळ्यांतून पाणी. खोकताना हात आपसूक पोटावर गेला, टाके असतात तिथे. टाके कधीच भरलेत. तरी हात गेला. आणि हाताखाली उशी नव्हती.

ते आठवलं आणि मी सिगरेट चपलेखाली चिरडली.

उशीचं तुला सांगायला नकोच, ती तूच धरली होतीस. डॉक्टरने ऑपरेशनच्या आधी सोडायला सांगितलं होतं, मी सोडली म्हणून खोटं बोलले. खोकला तसाच घेऊन टेबलावर गेले. मग शुद्धीवर आल्यापासून खोकून खोकून टाके तुटायची पाळी. तू वीस दिवस शाळेतून रजा काढून माझ्याकडे राहिलीस. मला खोकला आला रे आला की तू हातातलं टाकून यायचीस, पोटावर उशी ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबून धरायचीस. "खोक आता," म्हणायचीस. जेवताना यायचीस, केस ओले असताना यायचीस. एकदा तर तोंडात दात घासायचा ब्रश होता.

आणि मी विसाव्या दिवशी न्हाणीत लपून सिगरेट ओढली.

तू दार ढकललंस. माझ्या हातातून पाकीट घेतलंस आणि नळाखाली धरलंस. तेव्हा मी बोलले ते. सात महिने मी ते मनातसुद्धा पुरं उच्चारलं नाही. ह्यांनी विचारलं, धाकटी अशी अचानक का गेली, तर म्हटलं, शाळा सुरू झाली. आज लिहिते, म्हणजे तुला कळेल की मला आठवतंय.

मी म्हणाले, "तुला काय कळणार माझं दुखणं. माझी पिशवी दोन पोरं देऊन मग गेली. तुझी तर कोरीच पडलीय."

तू नळ बंद केलास. हात पुसलेस. उशीचा अभ्रा काढून धुवायला टाकलास, दुसरा चढवलास, आणि बॅग भरलीस. जाताना एवढंच म्हणालीस, "औषध आठ वाजता आहे."

ओरडली असतीस तर बरं झालं असतं. शाळेत पोरांवर ओरडतेस ना, तसं.

हे मी सिगरेटवर ढकलू शकते. तलफ आली होती, डोकं ठिकाणावर नव्हतं, औषधांनी झालं असेल. त्या काटेरावासारखं काहीतरी वजा करून दाखवू शकते. पण ते वाक्य तलफेने केलेलं नाही. मीच केलंय. तुझ्या लग्नाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून ते माझ्यात कुठेतरी पडून होतं. तू शिकलीस, तुझं घर नीटनेटकं, तुझा नवरा हळू बोलतो. माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त असं एकच होतं. ते मी तुझ्या तोंडावर मारलं.

आता तुझीही काढणार. तुला बघायला बाया येतील, त्यातली एखादी म्हणेल, नाहीतरी तिचा काय उपयोग होता. म्हणतातच. म्हणाली तर मला सांग, मी बघते तिच्याकडे. पहिली मीच म्हणाले होते, हे मला कळतंय. म्हणूनच दाराशी मीच बसायला हवी.

माफी मागायची मला सवय नाही, शब्द तोंडात नीट बसत नाही. लिहायला जरा सोपा आहे. माफ कर.

तर खरं खरं असं आहे. धूर सुटून आज एक दिवस झाला. एकशे एकवीस नाही, एक. भिंतीवरच्या रेघा मी पुसल्या. ह्यांनी विचारलं सुटलीस का, मी म्हटलं, परत आत गेले. पंचवीसला निघेन तेव्हा तेरा होतील. तेवढेच घेऊन येते, जास्तीचे माझ्याकडे नाहीत. आणि तुझ्याकडे असताना मला तलफ येणार, तेही आत्ताच सांगते. पिशवी भरून चिमटे आणतेय. तुझ्या नवऱ्याला सांग, करकर आवाज आला तर घाबरू नको.

वजनाचं मग बघू. आज काटेरावाला म्हटलं, ह्यापुढे टोपली लावायची नाही. तो म्हणाला, "अर्धा किलो तरी?" मी म्हटलं, नाही.

ऑपरेशनचं तुला कोणी नीट सांगणार नाही, मी सांगते. घशात नळी घालतात, त्याने नंतर तुलाही खोकला येईल, सिगरेट न ओढता. हसलीस तरी टाक्यांना ओढ बसते, म्हणून मी तोंड बंद ठेवीन. ते मला जमतं का बघू. उशी इकडूनच आणते. तीच. चांगली टणक आहे आणि कशी धरायची ते मला माहीत आहे, तुझ्याकडूनच शिकले.

पंचवीसला सकाळी येते. दार लगेच उघडू नको, साखळी लावूनच फटीतून हात हुंगून घे, केस हुंगून घे, बॅग उघडून बघ. वास आला तर उशी तेवढी आत घे आणि दार लाव. मी समजून जाईन.

नाही आला तर बाजूला हो. मला आत येऊ दे.

तुझी थोरली
वजन त्र्याऐंशी, काही वजा न करता