तिसऱ्या नाल्याचं पाणी

बाबा, धानोऱ्याच्या वाटेवरच्या तिन्ही नाल्यांवर आता पूल झाले. पोरं पाच मिनिटांत पार होतात अन् वरून रस्ता खराब म्हणतात. त्यायच्याशी बोलायचा मले कंटाळा येते, म्हणून तुमाले लिहून राह्यली. चौथीपर्यंतचं शिक्षण, चुकलं तर चुकलं.

तुमची सवारीची जीप. नाला आला की तुमी थांबत, पायजमा गुडघ्यावर चढवून, काठी घेऊन आधी पायी पलीकडे जात, मग परत येऊन गाडी घालत. रोजचा नाला असला तरी. सवाऱ्या वैतागत, "भाऊ, कालच तं गेलो न इथून." तुमी म्हणत, "काल गेलो. आज कुठी गेलो?" पोरीले गाडी शिकवते म्हणून लोक हसले, तरी मले तुमीच शिकवली.

मग तुमाले मलेरियाचा ताप चढला. दातावर दात आपटून राह्यले होते, अन् गावात गाडी चालवणारं दुसरं कोणी नाई. मीच तुमाले बाजूले बसवून शहरातल्या दवाखान्यात निघाली. दोन नाले घोट्याभर पाण्याचे, ते उतरून पाहिले. तिसऱ्याले पाणी जास्त होतं, तिथी उतरली नाई, सरळ पुढची चाकं पाण्यात घातली. तुमी हात लांबवून चावी फिरवली, गाडी बंद केली. "ताजी चाकोरी दिसून नाई राह्यली तुले? बांबूचा ट्रक फसला होता इथी." एवढंच बोलले, अन् तापल्या अंगानं स्वतः उतरले. ट्रकनं उकरलेला खड्डा काठीनं शोधला अन् त्याच्याच कडेवर उभे राह्यले, मांडीभर पाण्यात. "मले उजव्या हाताले ठेव अन् ये. हळू." तुमी थरथरून राह्यले आहात, काठी थरथरून राह्यली आहे, अन् मी तुमाले पाहत पाहत गाडी काढते.

दवाखान्यात डॉक्टर खेकसला, तापाच्या माणसाले भिजवलं कोणी? तुमी म्हणाले, "पाणी गाडीत शिरलं, साहेब. पोरीनं आणलं म्हणून पोचलो." आठ दिवसांनी घरी आले अन् साऱ्या गावाले तेच सांगत फिरले. पुढं बारा वर्षं जगले, तेव्हाही तेच. मी ऐकून घेत राह्यली. मले एकटीले एकदाच म्हणाले, "पाण्याले भेली असशील बाई. होते तसं."

हा कागद टाकायचा कुठी, तुमचा पत्ता थोडाच आहे. पेटीत ठेवते. पण बाबा, मी भेली नव्हती. शहरात जायचं म्हणून नवी साडी नेसली होती. ती भिजवायची नव्हती मले.