ब्याण्णव जीबी, सांगलीपर्यंत

एडिनबरा,
८ नोव्हेंबर २०२५

ती. नंदूमामा,

अकरा आठवडे मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, दिवाळीलासुद्धा फोन केला नाही, याची माफी आधी मागते आणि नमस्कार नंतर करते. क्रम उलटा आहे हे कळतंय. पण नमस्कारापासून सुरू केलेले दोन मसुदे नमस्कारावरच थांबले, म्हणून या खेपेला मागच्या दारानं येतेय. नमस्कार साष्टांगच धरावा. पाठीमुळे सध्या आठातली पाचच अंगं टेकतात. तुमचा गुडघा कसा आहे? मामींना झोप लागते का? इकडे दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. अंशुमन बरा आहे (दिवसभर हॉस्पिटलात लोकांना भूल देतो आणि संध्याकाळी सोफ्यावर स्वतः विनाऔषध झोपतो). तनू तेरा वर्षांची झाली आणि माझी प्रत्येक गोष्ट 'अ बिट मच' असते असं तिचं मत आहे.

पुढचं बरंचसं तुम्हाला माहीतच आहे. तरी लिहिते, कारण कोणती चूक कोणाची हे मला एकदा क्रमानं मांडायचं आहे, आणि फोनवर मी क्रम सोडून खुलासे द्यायला लागते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर तुम्ही पाण्याचे शब्द जमवायला लागलात, एका शब्दाला एक कार्ड, कार्डं कपाटाच्या नऊ खणांत लावलेली, आणि मामींनी ते शब्द एकेक करून मोबाइलवर म्हणून ठेवले, कारण तुमच्या आवाजात साधा 'पाझर'सुद्धा कारणे दाखवा नोटिशीसारखा वाटतो. २०१९च्या मार्चमध्ये मी सांगलीला आले होते, तेव्हा हे सगळं गिटमध्ये ठेवायचं मीच ठरवलं. आम्ही प्रोग्रॅमर लोक आमचं काम त्यात ठेवतो; काहीही बदललं तरी जुनं जसंच्या तसं मागे शिल्लक राहतं आणि प्रत्येक बदलाची एक नोंद होते. मी तुम्हाला दोन नियम घालून दिले. खणातलं एक कार्ड बदललं तरी अख्खा खण पुन्हा स्कॅन करायचा, म्हणजे सगळी कार्डं एका तारखेची राहतील. आणि प्रत्येक नोंदीत बदल का केला ते लिहायचं, नुसतं 'दुरुस्ती' चालणार नाही. (पहिला नियम मूर्खपणाचा होता. ऑफिसात कोणी सुचवला असता तर मी त्याला कॉफीला नेऊन समजावलं असतं. स्वतःला कोणी कॉफीला नेत नाही.)

मग जुलैत तुमच्या लॅपटॉपमध्ये पाणी गेलं. कसं गेलं ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. आदल्या संध्याकाळपर्यंतचं काम सर्व्हरवर पोचलेलं होतं, तेव्हा मी ऐटीत म्हणाले, काळजी करू नका, नवा लॅपटॉप घ्या आणि सगळं पुन्हा उतरवून घ्या. सगळं म्हणजे किती, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. ब्याण्णव जीबी. दोन हजार एकशे चाळीस कार्डं आणि माझ्या नियमाच्या कृपेनं प्रत्येकाच्या पंधरा-पंधरा आवृत्त्या. त्यात गिटची एक खोड अशी की उतरवताना मध्येच खंड पडला, तर ते थांबलं तिथून पुढे जात नाही, पहिल्यापासून सुरू करतं. (मी या धंद्यात बावीस वर्षं आहे, हे मला माहीत होतं. सांगलीची वीज मला माहीत नव्हती असंही म्हणता येत नाही, मी तिथे शाळेत होते.) तुम्ही त्या टक्केवारीसमोर खुर्ची टाकून बसलात आणि जन्मभराच्या सवयीनं मला दर तीन तासांनी पातळी कळवत राहिलात. 'अनू, पातळी एकोणसत्तर. आवक मंद. गेटवर मी आहे.' एकाहत्तरवर वीज गेली. दुसऱ्यांदा चव्वेचाळीसवर. तिसऱ्यांदा शहाऐंशीवर, आणि त्या वेळी तुम्ही फोनवर 'धरण रिकामं' एवढंच म्हणालात. मी ऑफिसात मोठ्यानं हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन थोडा वेळ बसले.

त्यावर मी काढलेला पहिला उपाय म्हणजे ऑफिसातला अवधूत. तो पुण्याला चालला होता. सगळे ब्याण्णव जीबी एका ड्राइव्हवर भरून ती मी शॉर्टब्रेडच्या डब्यात, बिस्किटांच्या थराखाली ठेवली, म्हणजे प्रवासात दणके बसणार नाहीत. त्याच्या स्वतःच्या भेटीचे तसेच चार डबे होते, हे मला कुठे माहीत. माझा डबा नाशिकला त्याच्या मावशींकडे गेला. मावशींना गोड वर्ज्य आहे, त्यांनी तो पुढे दिला. कोणाला, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही, पण तुमचे पाण्याचे शब्द आज महाराष्ट्रात कुठेतरी बिस्किटांखाली सुखरूप आहेत.

मग मी ते केलं ज्याबद्दल हे पत्र आहे. गिटला असं सांगता येतं की मागचं काही नको, आजची स्थिती तेवढी दे. जुन्या आवृत्त्या गळाल्या, सहा जीबी उरले आणि सांगलीत पन्नास मिनिटांत उतरले. मला इतका आनंद झाला की जेवताना मी सगळ्यांना आकडे ऐकवले. अंशुमन म्हणाला, "पेशंटचे दोन्ही पाय कापलेस तर वजन उतरणारच." मी म्हटलं, "तू भात घे." (त्याचं बरोबर होतं. हे त्याला सांगितलेलं नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला. 'अनू, उघडलं. पण आधीच्या नोंदी दिसत नाहीत.' मी म्हणाले, 'मामा, त्या कशाला हव्यात, वेग बघा ना.' तुम्ही म्हणालात, 'बरोबर आहे. तुला नको ते काढलंस, बरं केलंस. हलकं झालं.' आणि मी 'थँक यू' म्हणाले. तारीख चोवीस ऑगस्ट. त्यानंतर तुमच्याकडून कार्ड नाही, फोन नाही. नवव्या खणातली तीनशे कार्डं तशीच पडून आहेत, आणि अकरा वर्षांचं तुमचं काम माझ्या 'थँक यू'पाशी थांबलं आहे. तुम्ही रागावला असतात तर मला लवकर कळलं असतं. तुम्ही नुसते बाजूला झालात.

गेल्या शनिवारी मी तुमच्यासारखीच प्रत इकडे उतरवून पाहिली, आणि तुम्हाला स्क्रीनवर काय दिसलं असेल ते मला तेव्हा दिसलं. एक हजार नऊशे चौदा नोंदींच्या जागी एक. तुम्हाला वाटलं, मी त्या टाकून दिल्या. मामा, टाकलेल्या नाहीत, सर्व्हरवर एकूण एक आहेत. आणि मी त्यांचं वजनही केलं. तुमच्या सगळ्या नोंदी मिळून एका कार्डाच्या स्कॅनइतक्याही भरत नाहीत. ब्याण्णव जीबीचं ओझं तुमच्या लिहिण्याचं नव्हतंच, ते माझ्या पहिल्या नियमाचं होतं. मी हलकं करायला निघाले आणि नेमकं बिनवजनाचं तेवढं काढलं.

तेव्हा आता नवी रीत. तुम्ही कालव्याचं पाणी पाळीनं सोडायचात, तसंच. आधी फक्त नोंदी येतील, पहिलीपासून शेवटच्यापर्यंत, दोन मिनिटांत. स्कॅन एकही येणार नाही. मग एकेका खणाची पाळी. पहिला खण मागवा, त्यातली आजची कार्डं आणि मामींचे आवाज येतील. तो भरला की दुसरा. वीज गेली तर बुडेल तो एकच खण. जुन्या आवृत्त्या सर्व्हरवरच राहतील आणि एखादी मागितलीत तर तेवढी एक येईल. (हा उपाय आमच्याकडे बरीच वर्षं आहे. ऑगस्टमध्ये तो सुचला नाही, कारण यात तुमचं काय जातंय हे विचारायचंच मला सुचलं नाही.) सांगलीची वीज इकडे मिळत नाही, म्हणून चाचणीसाठी तनूला वाटेल तेव्हा राउटर बंद करायची मुभा दिली. तिनं तो सात वेळा बंद केला, त्यात एकदा अंशुमन ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलत असताना. तरी नऊही खण उतरले. आज्ञा तीनच आहेत, वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सोबत जोडल्या आहेत. पहिला नियम आजपासून रद्द. बदललेलं कार्ड तेवढंच स्कॅन करायचं. दुसरा मात्र चालू ठेवावा, अशी विनंती.

मामींना नमस्कार. तुम्हाला पुन्हा एकदा, जमेल तेवढ्या अंगांनी.

तुमची,
अनू

ता. क. वर मी नोंदींविषयी असं लिहीत आलेय, जणू त्या मला पाठ आहेत. खरं असं की गेल्या शनिवारपर्यंत मी त्यातली एकही वाचली नव्हती. माझ्याकडे रोज फक्त काम पोचल्याची हिरवी खूण यायची आणि ती पाहून मी डायरीत लिहायची, 'मामांचं काम नियमित. समाधान.' साडेसहा वर्षांत हे वाक्य किती वेळा लिहिलंय ते मोजायला घेतलं आणि थांबवलं. का ते लिहा, असं मी म्हणाले होते, आणि तुम्ही ते अक्षरशः पाळलंत. 'खण ४. थारोळं दुरुस्त केलं. मोटेचं पाणी पडतं ते दगडी कुंड, एवढंच लिहिलं होतं. ते चूक नव्हतं, अपुरं होतं. हिनं सकाळी तीनदा चहा केला. तिन्ही वेळा प्यालो.' 'खण ७, अर्धाच. हिनं विचारलं, तुम्ही कुणाकडचे. म्हटलं, पाटबंधाऱ्याकडचा. हसली.' आणि जुलैतली शेवटची: 'हिला आता दिसेल ते धुवायचं असतं. आज माझी चप्पल आणि रेडिओ.' लॅपटॉपमध्ये पाणी कसं गेलं, ते मला तेव्हा कळलं. दोन वर्षं तुम्ही हे मला रोज सांगत होतात. फोनवर 'सगळं ठीक' म्हणायचात, कारण तुमची खात्री होती की मला माहीत आहे आणि मी संकोचानं विषय काढत नाही. तो समज तसाच राहू द्यावा का, यावर मी आठवडाभर विचार केला. राहू दिला असता तर तुमच्या लेखी मी समजूतदार ठरले असते. मी नव्हते. तनूला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, मामाआजोबाने एवढी मेसेज लिहिला आणि तू रीड पण नाही केली? दॅट्स रिअली बॅड." व्याकरण सोडून तिचं सगळं बरोबर होतं.

ता. ता. क. संगणकाचं एवढं पुराण लावलं ते खरं तर हे विचारण्यासाठी. जानेवारीत मला तीन आठवडे रजा मिळते आहे. मी येऊ का? विचारणाऱ्यांना नववा खण स्कॅन करायला आलेय म्हणून सांगू. दुपारी मामींजवळ मी बसेन आणि त्यांना जे धुवायचं असेल ते आम्ही दोघी मिळून धुऊ. तेवढा वेळ तुम्ही झोपा, नाहीतर बाहेर फिरून या, नाहीतर नुसते अंगणात उभे राहा. मी कोण हे त्यांना आठवलं नाही तर चालेल. मी रोज नव्यानं सांगेन. येऊ नकोस म्हणायचं असेल तर तेही नोंदीतच लिहा.

आणखी एकच. अगदी पहिली नोंद, १४ मार्च २०१९: 'अनू, हे तिकडे पोचतं का? कळव.' मागे जाऊन तिच्याखाली उत्तर लिहिता येत नाही, ते पुढे नवी नोंद करूनच लिहावं लागतं.

उद्याचं काम: पहिल्या नोंदीला उत्तर.