टेबल सरळच हाय

परभणी. रविवार, दिवेलागणीला.

जिंकले मी! मामाला हरवलं, अन् तेबी त्यांच्याच पूल पार्लरमधी.

पांढऱ्या बॉलला गिरकी द्यायला डाव्या अंगाला काठी मारली की माझा नेम दरवेळी हुकायचा. मी म्हणायचे, टेबल उताराला हाय. मामा भडकायचे, "टेबल सरळ हाय, पोरी. तू कॅरमवाली, तुझा नेमच वाकडा."

कॅरमचीच खोड ती. स्ट्रायकर रोखला तिकडंच जातो, म्हणून बॉलबी जाणार असं धरून चालले. आज मामा चहाला गेले, तेवढ्यात पांढरा बॉल एकटाच मारून बघितला. डाव्या अंगाला मारला, तर दोन बोटं उजवीकडं गेला. समोरच्या टोकाकडून मारला, तरी माझ्या उजवीकडंच! मग उतार कसला? काठीच त्याला बाजूला ढकलायलीय. एवढं साधं मला आधी का दिसलं न्हाई?

मामा परत आल्यावर डाव मांडला. शेवटी काळा बॉल राहिला, तो पाडला की डाव माझा. दोन बोटं डावीकडं नेम धरला अन् पांढरा डाव्या अंगालाच मारला. काळा थेट पॉकेटमधी.

मामा खाली वाकले, अन् टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारायला लागले.