एक डोळा मिटून

गोपिका,

त्या डॉक्टरनं तुले खोटारडी ठरवलं. तपासणीसाठी सुई टोचून पाठीच्या कण्यातलं पाणी त्यानंच काढलं. तवापासून बसलं की तुयं डोकं फुटते, आडवं झालं की थांबते. अन् तो तुले फक्त खाटेवर पडलेली पाहून म्हणतो, "नखरे आहेत." मी त्याले आणाले सायकलनं रामदासपेठेत चाललो. आज तो तुले बसलेली पाहील.

तोवर उठू नको वं. बापूजी खोलीत आले तरी सासऱ्याच्या मानापायी पदर सावरून उठून बसू नको.

आपण वाडीच्या खोलीत राहत होतो तवा मी नवं पान लिहिलं की तू एक डोळा मिटून वाचत होती. म्हणायची, "असं पाहिलं की तुमच्या ओळी सरळ दिसतात जी!" काल तू तसंच वाचलं अन् मी मूर्ख, जुनी थट्टा समजून हसलो. आज बापूजींसाठी उठली अन् चहा कपाच्या बाजूला ओतला, तवा उमगलं.

ही चिठ्ठीही तशीच वाच. पेन्सिल उशाशी आहे. तुले एकाचे दोन कधीपासून दिसून राहिले, अन् मले काहून नाही सांगितलं? मी यायच्या आत खाली लिहून ठेव.