सातांतून तिघे आणि चिकटवलेली पाने

परमस्नेही व्याहीबुवांस,
नातीच्या एका आजोबांचा दुसऱ्या आजोबांस आदरपूर्वक नमस्कार. आपली कवळी, आपली निद्रा आणि आपली सूनबाई (याच क्रमाने) आपल्याला अनुकूल असतील, अशी प्रार्थना करतो. माझी प्रकृती ईश्वरकृपेने ठीक आहे. दिवसभर विचारणारे कोणी नसल्याने तिला बिघडण्यात रस उरलेला नाही.

आपली नात नोकरीच्या परीक्षेस बसते आहे, हे आपण जाणताच. उत्तीर्ण झाली, तर नेमणूक दूरच्या शहरी. माझा मुलगा आणि आपली कन्या परदेशी. तेव्हा या चार खोल्यांत उरणार मी आणि भिंतीवरचे घड्याळ. (त्याच्याशी माझे पटत नाही. ते एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगते, आणि तो अधिकार या घरात माझा आहे.) लहानपणापासून तिचे गणित मीच घेतले, म्हणून नव्या पुस्तकातील उत्तरांची पाने मी खळ लावून चिकटवून टाकली. कष्टाआधी फळाकडे पाहणे हा अधर्म होय. मग प्रश्न आला: सात सभासदांतून तिघांची समिती किती प्रकारे निवडता येईल? तिने पस्तीस लिहिले; मी लाल शाईने दोनशे दहा केले. समिती म्हटली की अध्यक्षस्थानी कोण, उजवीकडे कोण आणि कोपऱ्यात रुसून कोण, हे आधी ठरते. अग्रपूजेचा मान कोणाला, एवढ्यावरून भरसभेत मस्तक उडाल्याचे आपण पुराणांत वाचले आहे. तेथे क्रमाला किंमत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? तिघांचे सहा क्रम, म्हणून उत्तराच्या सहापट. पोरीने माझा शब्द प्रमाण मानला. तीन आठवडे आम्ही समित्या, संघ, इतकेच नव्हे तर टोपलीतील फळेसुद्धा ज्येष्ठतेनुसार बसवली.

परिणामी सराव परीक्षेत पन्नासांपैकी अकरा गुण. घरी येऊन तिने चहाच्या वाफेवर ती पाने सोडवली आणि पस्तीस पाहून पुस्तक माझ्यापुढे धरले.

"अहो आजोबा, माणसं तीच तर समिती तीच! आधी कोण बसलं, याचं गणिताला काय?"

"आणि मानपान?"

"ते लग्नात!"

(आपणांस ते अनुभवाने ठाऊक आहे.) मला वाटले, रडेल; पण ती पोट धरून हसली. "चूक माझीच, मी क्लासच्या सरांना विचारायला हवं होतं," म्हणाली, आणि तोच चहा गाळून मला दिला. मी सारा दोष वयाला आणि परंपरेला दिला.

आपला,
मानपानात फसलेला व्याही

ता. क. वरील मजकूर नातीस वाचून दाखवण्याजोगा आहे. येथून पुढचा नव्हे. त्या पानांचा एक कोपरा मी, दोनशे दहा केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, उचलून पाहिला होता. पस्तीस बरोबर, हे मला ठाऊक होते. तरी लाल शाई चालवीत राहिलो. जन्मभर निष्काम कर्मावर प्रवचने केली, आणि वेळ आली तेव्हा पोरीच्याच पानातले फळ काढून घेतले.

पुनश्च. परीक्षेस नऊ दिवस आहेत. तेवढे दिवस तिला आपल्याकडे बोलावून घ्यावे. आपला पाय मुरगळल्याचे कळवले, तर धावत येईल. आल्यावर तो लगेच बरा व्हावा, म्हणजे तिचा अभ्यास होईल. (असत्याचे पातक माझ्या माथी.) आजोबांचे कसे होईल, असे ती विचारीलच. माझ्याकडे रोज मंडळी जमतात, म्हणून सांगावे. आणि माझा फोन आला, तर तिला देऊ नये.